हमीदच्या हातची धार

हमीद, तू जाऊन आज सोळा दिवस झाले. तुझं झाडं कापायचं मशीन माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी पोत्यात पडून होतं. बबनने आणून ठेवलं. दहा वर्षं तू झाडावर आणि तो खाली दोर धरून, असा तुमचा जोड. "दत्ताभाऊ, हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माज्या घरात नगं," एवढंच म्हणाला. मी पोतं ठेवून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो. कामशेतच्या बाजारातलं माझं यंत्रदुरुस्तीचं दुकान ते केवढं, त्यात एका पोत्याला टाळून वावरायचं म्हणजे रोजची कसरत. गिऱ्हाइकाने त्या कोपऱ्यातलं काही मागितलं की मी 'संपलंय' म्हणून सांगायचो.

मला भीती कशाची वाटत होती ते तुला सांगतो. तुलाच सांगता येईल.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यात तू सिल्व्हर ओकवर होतास. मे निम्मा सरलेला, पावसाआधी फांद्या उतरवून घ्यायची सगळ्यांना घाई. बबन म्हणतो, मशीन चालू होतं, एकदम गचका बसला आणि ज्या फांदीला कमरेचा दोर होता ती फांदी तुला घेऊन खाली आली. "मशीन उसळलं का फांदी आदी चिरली, मला न्हाई कळालं. दोन्ही एकदमच झालं." पण गावात गोष्ट एवढी लांबलचक फिरत नाही. गावात फिरलं ते एवढंच, की मशीन उसळलं. कब्रस्तानात मी तीन मुठी माती दिली तेव्हा माझ्या मागे दोघं तेच कुजबुजत होते. मशीन का उसळतं हे त्या गर्दीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याच्यावरची चेन आदल्याच दिवशी मी घासून दिली होती.

चेनचं शास्त्र मला तूच शिकवलंस, हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही. आधी मी नुसते पंप आणि गवत कापायची यंत्रं खोलायचो. तू पहिल्यांदा चेन मागायला आलास आणि म्हणालास, अठरा इंची बारची दे. मी पुण्याहून अठरा इंची म्हणून जी मिळाली ती आणली. तू ती बारवर, मशीनच्या पुढच्या लांब पात्यावर, चढवायला बसलास, ओढ ओढ ओढलीस, चढेना. मग चेन मांडीवर घेतलीस आणि बारच्या खाचेतून धावणाऱ्या खालच्या कड्या अंगठ्याने एकेक सरकवत मोजल्यास, तुझे अब्बा तसबीचे मणी सरकवायचे तशा. चार कड्या कमी. मला वाटलं आता तोंडाला येईल ते बोलशील. तू म्हणालास, "चूक माजीबी हाये. इंच सांगून चेन मागू न्हाई आन् इंचावर इकू न्हाई. कड्या मोज, कड्यांमधलं अंतर बघ, कडीची जाडी बघ, मंग माल दे." त्या दिवसापासून मी कोणालाही जुनी चेन आणल्याशिवाय नवी दिली नाही. लोक माझ्या या काटेकोरपणाचं कौतुक करतात. मीही ते निमूटपणे घेतो.

आणि ती वेसण. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो. दात लाकूड कापतो, पण एका वेळी किती खायचं हे तो खुंट ठरवतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला काही वेगळंच नाव आहे. तू त्याला वेसण म्हणायचास, आणि बैल पाळलेल्या मावळातल्या माणसाला ते एका शब्दात कळायचं. दात घासून घासून खाली आला की वेसणही थोडी उतरवावी लागते, पण थोडीच. जास्त उतरली की दात हावरा होतो, झेपणार नाही एवढा घास घेतो, लाकडात अडकतो आणि मशीन माणसाच्या अंगावर येतं. मोजायला तू दोन पोस्टकार्डं वापरायचास. दोन दातांवर लोखंडी पट्टी आडवी धरायची आणि मधल्या वेसणीवरून कार्डं सरकवायची. "दोन सरकली पायजेत, तिसरं अडलं पायजे." तिसरं गेलं तर ती चेन तू झाडावर नेत नसायचास. मी हसायचो. म्हटलं, टपाल खातं बुडालं तरी हमीदची पोस्टकार्डं काही संपत नाहीत.

मग दोन वर्षांपूर्वी मी घासायचं मशीन आणलं. तुला हाताने एका चेनला अर्धा-पाऊण तास लागायचा. गोल कानस, एका बाजूचे सगळे दात, मग चेन फिरवून दुसऱ्या बाजूचे, प्रत्येकाला मोजून तेवढेच हात. माझं चाक पाच मिनिटांत सगळं उरकायचं. आणि लोकांचं म्हणशील तर पी हळद आणि हो गोरी. चेन लावली की लाकडातून भुगा पडायला नको, पोह्यांसारखे कपटे उडायला हवेत. मी वेसण जराशी जास्त उतरवली, पोहे आणखी मोठे पडले, लोक खूश. आणखी उतरवली, आणखी खूश. कार्ल्यापासून पवनेच्या बाजूपर्यंत चेना यायला लागल्या. माझ्या डोक्यात हवा गेली, खोटं कशाला बोलू.

तू एक चेन हातात घेऊन उजेडाला धरलीस आणि म्हणालास, "दत्ता, चेन चावती आन् चेन वढती, ह्यात फरक हाये. ही वढती."

मी म्हणालो, "तुला मशीनचा राग आलाय. तुझ्या कानशीला आता कोण विचारतं?"

"माज्या कानशीचं जाऊ दे. वर मानूस आसतो."

"वर माणूस असतो ते मलाही कळतं. तू नको शिकवूस."

तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी ते त्यांना ऐकवायला म्हणालो होतो. तू चेन खाली ठेवलीस आणि गेलास. दीड महिना दुकानावरून जायचास, मान वळवायचा नाहीस. आपण चौथीपासूनचे मित्र, तुझ्या आईच्या हातच्या शेवयांवर मी वाढलेला, आणि दीड महिना अबोला. मीही हट्टाला पेटलो होतो. चूक कबूल करण्यापेक्षा मित्र गेला तरी चालेल असं माणसाला वाटतं, तशातली माझी अवस्था.

मग एके दिवशी तू आलास, चेन काउंटरवर टाकलीस आणि म्हणालास, "घे, घास तुज्या मशीनवर." बस, एवढंच. मी तुला चहाबरोबर गरम भजी खाऊ घातली. जिंकल्याची भजी होती ती. तूही हसत हसत खाल्लीस. त्यानंतर दर आठवड्याला तुझी चेन माझ्या चाकावर. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, हमीदसुद्धा माझ्याकडेच देतो. मावळात झाडावर चढणारा तुझ्यासारखा दुसरा नाही, हे पोराटोरांना माहीत. तुझं नाव घेतल्यावर पुढे कोणी काही विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. पूर्वी एक चेन तुला पाच-सहा महिने जायची. आता दर दीड-दोन महिन्यांनी नवी मागायला लागलास. मी चेष्टा करायचो, "चेन काय जेवणात खातोस का रे?" तू म्हणायचास, "काम वाढलंय." मला धंदा दिसत होता, तेवढंच मी पाहत होतो.

तर सोळा दिवस मी त्या पोत्याला टाळलं. झोप नाही, जेवण जात नाही, दुकानात हात चालत नाही. कोणी चेन घासायला आणली की ठेवून घ्यायचो आणि खिळ्याला टांगायचो. वीज नाही, चाक बिघडलंय, काहीही थापा. आज सकाळी शटर अर्धंच वर केलं आणि पोतं सोडलं. चेनीत अजून ओकचे कपटे होते. चेन उतरवली, पुसली, पट्टी आडवी धरली. तुझी पोस्टकार्डं माझ्या खणात एका डबीत होती, तू विसरून गेलेली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं घालताना कार्ड दुमडलं. परत घातलं. अडलं.

पुढचा दात बघितला. अडलं. सगळी चेन फिरवली हमीद, एकूण एक दात. कुठेच तिसरं गेलं नाही.

मी खाली बसलो आणि रडलो. दफनाच्या दिवशीही असा रडलो नव्हतो. सुटलो, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे सोळा दिवस काढले होते, आणि आता चेन स्वतःच साक्ष देत होती की दत्ताने तुला मारलेलं नाही. फांदीच आतून पोकळ असणार. मला वाटलं, लगेच तुझ्या घरी जावं आणि सांगावं.

तुझी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. वहिनी इद्दतीत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याच्या दिवसांत, म्हणून आतच. मी मावशीला सगळं सांगितलं, की चेन मोजली, धार बरोबर होती, मशीनचा दोष नव्हता. मावशीने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "ते मला ठावं हाये. ह्ये बघ, हितं बसायचा. तुज्याकडनं चेन आनली का दिस मावळायच्या आत घेऊन बसायचा. येकेक दात, येकेक दात. त्याचा त्यो लोखंडाचा किस माज्या पायात घुसायचा. किती येळा वरडले त्याला."

मी म्हणालो, "मावशी, माझ्याकडून आणल्यावर?"

"व्हय. मी म्हनायची, आरं दत्तानं घासून दिलीया न्हवं? तर म्हनायचा, त्याचं झालंय, आता माजा हात फिरवतो. तू त्याला सांगू नगंस."

ती एकदम थांबली. "सांगितलंच की मी," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

मी वाकून ओट्याच्या फरशीकडे बघितलं. फटीत खरोखरच बारीक किस चमकत होता. दोन वर्षं, हमीद. दोन वर्षं तू माझ्या चाकाखालून चेन नेलीस आणि घरी येऊन सुधारलीस. उतरलेली वेसण कोणाला परत वर आणता येत नाही, म्हणून तू दात मागे मागे घासत नेलास, दात खाली यावा आणि दोघांचा हिशेब जुळावा म्हणून. त्यातच चेन संपत होती. म्हणून तू दर दोन महिन्यांनी नवी नेत होतास, आणि मी तुला म्हणत होतो, जेवणात खातोस का. माझ्या चुकीची भरपाई तू माझ्याच दुकानातून विकत नेत होतास आणि वर माझी चेष्टा ऐकून घेत होतास.

का रे? मी भांडून जिंकलो असं मला वाटू द्यायचं, म्हणून? का दीड महिन्याचा अबोला तुला माझ्याहून जड गेला? मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास. "सोड ना यार." प्रत्येक अवघड गोष्टीला तुझं हे एकच उत्तर. ते उत्तर ऐकायला आत्ता मी काहीही देईन, आणि ते मिळालं तर तुझ्याशी भांडेनसुद्धा. कारण तू एकदा सांगितलंस, मी ऐकलं नाही, आणि मग तू सांगणं सोडून दिलंस. असं सोडायचं नसतं. माझी गचांडी धरायची होती. चार गिऱ्हाइकांसमोर मी तुझा अपमान केला, तू दहा जणांसमोर माझा करायचा होतास.

हे सगळं मनात घोळवत दुकानात परत आलो आणि खिळ्याला टांगलेल्या चेनांकडे नजर गेली. परत आलेल्या, मी मागच्या महिन्यात घासलेल्या चेना. मी एक उतरवली, पट्टी धरली. तिसरं कार्ड गेलं. चौथं गेलं. दुसरी उतरवली. तिच्यात पाचवं गेलं.

तुझ्या चेनीत तिसरं अडलं ते तुझ्या हातामुळे. बाकीच्यांच्या घरी ओट्यावर बसून कानस मारणारा हमीद नव्हता. त्यांना मी छातीठोक सांगितलं होतं, हमीदसुद्धा माझ्याकडेच देतो, आणि ते झाडावर चढले होते. आत्ता, या घडीला, पावसाच्या आधीच्या घाईत, ते कुठल्या ना कुठल्या झाडावर होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणणार नाही. आला. चाक गुपचूप ठीक करायचं, यापुढे दोन कार्डांचा नियम पाळायचा, कोणाला काही कळलं नसतं. तेवढ्यात मला आठवलं, की औंढ्याच्या काळूराम आबांनी आधीच घासून ठेवलेली त्यांची चेन परवाच नेली होती आणि जाताना म्हणाले होते, बांधावरच्या आंब्याची फांदी घरावर आलीये, ती उतरवतो. आबांचं वय सत्तरच्या पुढे. फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग पिशवीत नवी चेन टाकली, आबांच्या मशीनच्या कड्या वहीत लिहिलेल्या होत्या तेवढ्या मोजून, आणि गाडीला किक मारली. रस्ताभर मला फक्त मशीनचा आवाज ऐकू येत होता. घाटाकडून येणारे ट्रक, बस, कशाचाही आवाज मला मशीनचाच वाटत होता.

आबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. मशीन चालू होतं. मी गाडी पाडली आणि दोन्ही हात हलवत ओरडलो. त्यांनी बंद केलं.

"काय रं दत्ता, आग लागलीया का?"

"आबा, खाली या. ती चेन काढायचीय."

"कशापायी? लय झ्याक चालती की. लोन्यावानी कापती."

"चुकीची घासलीय मी. अंगावर येईल."

आबा सावकाश उतरले. मग म्हणाले, "आरं, हमीदबी तुज्याकडंच द्यायचा न्हवं? तूच तर सांगायचास."

मी त्यांच्या हातातलं मशीन घेतलं. "द्यायचा आबा. आणि घरी नेऊन परत नीट करायचा. मला न सांगता."

"आन् तुला का न्हाई सांगितलं?"

"एकदा सांगितलं होतं. मी नाही ऐकलं. मग तो मला सांभाळून घ्यायला लागला."

आबांनी डोक्यावरचा गमचा काढला, तोंड पुसलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "त्यानं तुला सांभाळलं. आन् आमाला रं?"

हमीद, हा प्रश्न तुलाही आहे. तू भला माणूस होतास. पण माझं मन जपताना आबा शिडीवर आहेत हे तू विसरलास, आणि मी तर कधी आठवलंच नाही. तुझ्यात आणि माझ्यात ही चूक वाटून घ्यायची तर मोठा वाटा माझा. तरी तुझाही थोडा आहे, आणि तो मी तुला आज सांगणार. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण आपण चौथीपासूनचे मित्र.

मी आबांची जुनी चेन काढली, नवी चढवली, ताण बघितला, तेल सोडलं. निघताना आबा म्हणाले, "पानी पिऊन जा," आणि स्वतः तांब्या आणून दिला. मी रडत होतो हे त्यांनी पाहिलं.

अजून एकोणीस माणसांकडे जायचंय. आज संध्याकाळपर्यंत कार्ल्याची बाजू उरकेन, उद्या पवनेकडे. सगळ्यांना फोन करून ठेवलेत, की मशीनला हात लावू नका. काही हसले, एकाने शिवी दिली. प्रत्येकजण आबांचाच प्रश्न विचारणार आहे, की हमीदसुद्धा तुझ्याकडेच द्यायचा ना? आणि मी प्रत्येकाला खरं तेच सांगणार आहे. दोन वर्षं तू माझी लाज राखलीस, तुझ्या आईलाही शपथ घातल्यासारखं गप्प बसवलंस. ती लाज मी आता दारोदार उघडी करत फिरतोय. मला दुसरा रस्ता दिसत नाही रे. रागावू नकोस.